तिथंही पहाटे उठायचं का?

कुणी 'अनंतकाळ' हा शब्द सहज उच्चारला की मला अजून चीड येते. लग्नपत्रिकेत, भाषणात, मयताच्या वेळी लोक तो शब्द असा वापरतात की जणू काल संध्याकाळी तिकडे जाऊन आलेत. मी मास्तराची मुलगी आणि स्वतःही मास्तरीण. ज्याचा अर्थ सांगता येत नाही तो शब्द वर्गात वापरू नये, असं मला वाटतं. आबांनी तो वापरला, आणि त्याची किंमत मायने मोजली.

आमचे आबा म्हणजे माझे वडील, मिशनचे मास्तर. नवापूरच्या अलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातल्या एका पाड्यावर शाळा होती. कुडाच्या दोन खोल्या, एकीत शाळा आणि एकीत आम्ही. आठवड्यात आबा पोरांना शिकवत आणि रविवारी त्यांच्या आईबापांना. आबा मूळचे शहाद्याकडचे, तापीकाठच्या काळ्या जमिनीतले. माय मात्र याच डोंगरातली, कोकणी आदिवासी घरातली. संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १८९९-१९०० च्या दुष्काळात दोघंही पोरकी झाली आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. पुढे त्यांचं लग्नही तिथल्याच लोकांनी लावून दिलं. त्यामुळे आमच्या घरात बोलणं आबांच्या अहिराणीत, प्रार्थना पुस्तकी मराठीत, आणि माय एकटी असताना जे पुटपुटायची ते तिच्या डोंगरच्या बोलीत, अशी तीन भाषांची खिचडी होती.

दुष्काळाने दोघांना दोन वेगळे धडे दिले होते, हे मला फार उशिरा कळलं. आबांची आई, दोन भाऊ आणि एक बहीण नंदुरबारच्या वाटेवर एकामागून एक रस्त्याकडेला बसली ती उठलीच नाहीत. आबा पुढे चालत राहिले. त्यांनी कुणालाही माती दिली नव्हती. ती सगळी माणसं पुन्हा भेटणार आहेत, कायमची भेटणार आहेत, असं जेव्हा आश्रमात त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. मायचंही सगळं घर गेलं होतं, एक थोरला भाऊ तेवढा वाचला. पण ती म्हणायची की तिची आई मेली तेव्हा तिच्या तोंडावर पहिल्यांदा भूक दिसत नव्हती. तिला ते चांगलं वाटलं होतं. सहा-सात वर्षांच्या पोरीला आपली आई मेलेली चांगली वाटावी, एवढं एकच वाक्य मला त्या दुष्काळाबद्दल पुरेसं आहे.

गोष्ट झाली ती मोहाच्या दिवसांत. आमच्याकडे होळी सरली की मोहाची फुलं गळू लागतात. ती पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात किंवा ती कोमेजून जातात. त्या दिवसांत अख्खा पाडा अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेला असे. बायका तर विचारूच नका. वेचणं, वाळवणं, आणि मग घरी येऊन पाणी, नागलीचं दळण, चूल. माय मास्तराची बायको असली तरी तिला यातून सुटका नव्हती. मिशनच्या पगारावर घर चालतं हा समज फक्त लांबच्या लोकांचा असतो.

त्या वर्षी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, नेमका मोहाच्या भरात आला. शाळेत चिटपाखरू नाही. आबांना वाईट वाटलं, पण ते हट्टी होते. ते म्हणाले, लोक येत नाहीत तर आपण जाऊ. आणि त्यांनी मोहाच्या मोठ्या झाडाखालीच उपासना घेतली. बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पुरुष टोपल्यांशेजारी बसले. आबा अनंतकाळाबद्दल, सार्वकालिक जीवनाबद्दल बोलू लागले. लोकांचे चेहरे कोरे. मग आबांना उदाहरण सुचलं. उदाहरण सुचलं की त्यांचे डोळे चमकायचे, मला ते लांबूनही कळायचं.

ते म्हणाले, हे डोंगर बघा. इथून तापी ओलांडून पार सातपुड्यातल्या तोरणमाळापर्यंत, आणि त्याच्याही पलीकडे. यांत मोहाची झाडं किती? त्यांची फुलं किती? आता समजा, एक माणूस वर्षाला एकच फूल वेचतो. एक वर्ष, एक फूल. असं करत करत या सगळ्या डोंगरांतली फुलं वेचून झाली, तरी देवाच्या घरी अजून पहिली सकाळसुद्धा संपलेली नसेल.

उदाहरण मोठं होतं, मला मान्य आहे. शहरातल्या कुठल्याही ख्रिस्ती देवळात ते चाललं असतं. पण समोरच्या बायका पहाटेपासून वाकून वेचत होत्या.

एक म्हातारी बाई, आमच्या पलीकडच्या घरातली, आबांशी बोलायचं म्हणून त्यांच्याच अहिराणीत अडखळत म्हणाली, "मास्तर, कोन येची ती फुलं? आमलेच येचनं पडी का?"

काही जण हसले. आबाही हसले आणि म्हणाले, नाही हो, ते नुसतं समजावण्यासाठी. तिथे काम नाही, कष्ट नाहीत. पण म्हातारीचं समाधान झालं नाही. ती पुन्हा म्हणाली, "आन दरसाल मोह परत फुलस ना. मंग ते सरी कसं?"

फुलं दरवर्षी पुन्हा येतात, मग ती संपणार कशी! आबांनी याचा विचारच केला नव्हता. तेवढ्यात ऊन चढलं आणि लोक उठले. उपासना तिथेच संपली. पुढच्या रविवारी लोक नेहमीसारखे आले, कुणी काही बोललं नाही. पाड्यावर ती गोष्ट चार दिवस चेष्टेत चालली आणि विरून गेली.

आमच्या घरात मात्र ती विरली नाही. माय त्या दिवशी टोपली घेऊन परत आली, फुलं अंगणात पसरली आणि नुसती बसून राहिली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. आबा जेवायला बसले तेव्हा तिने विचारलं, "तठेबी सकायले उठनं पडी का?"

"तठे रातच नही," आबा म्हणाले. "मंग सकाय कसी व्हई?"

"म्हंजे निजनं बी नही?"

आबांनी लहानपणापासून बायबलातल्या त्या रात्र नसलेल्या नगरीचं वर्णन ऐकलं होतं आणि त्यांना ते नेहमी उजेडाचं वाटलं होतं. रात्र नाही म्हणजे झोप नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. मायला मात्र दुसरं काही दिसलंच नाही. ज्या बाईला जन्मभर पोटभर झोप मिळाली नाही, तिला स्वर्गाबद्दल पहिला प्रश्न हाच पडणार.

तोवर माय मनातून असं धरून चालली होती की मेल्यावर विसावा असतो. आश्रमात, कबरस्तानात, प्रार्थनेत, सगळीकडे 'विसावा' हा शब्द तिने ऐकला होता आणि तिने तेवढाच उचलला होता. त्या एका उदाहरणाने आबांनी तो तिच्या हातून काढून घेतला. तिची समजूत घालण्यासाठी आबा नंतर किती उदाहरणं देत राहिले! वाहतं पाणी म्हणाले, ती म्हणाली की पाणीही समुद्रात जाऊन थांबतंच. आईच्या मांडीवरचं मूल म्हणाले, ती म्हणाली की मूल मोठं होतं. ती वाद घालत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि जितकं समजायचं तितकी ती भ्यायची.

मीही त्या दिवसांत प्रयत्न केला. परसात खाटेवर पडून मी डोक्यात फार मोठा आकडा आणायची, त्यात आणखी भर घालायची, आणखी घालायची. शेवटी मी उठून बसायची. पण ते कायमचं नव्हतंच. तो नुसता मोठा आकडा होता. माणसाच्या डोक्याला मोठं कळतं, न संपणारं कळत नाही. आज इतकी वर्षं झाली, मी त्याच्यापुढे एक पाऊल गेलेले नाही. कुणी गेलं असेल असंही मला वाटत नाही.

त्याच पावसाळ्यानंतर मायला हिवतापाने धरलं. आमच्या भागात हिवताप काही नवा नाही, पण या वेळी पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आणि पोट दगडासारखं झालं. मिशनच्या दवाखान्यातून कोयनेल आलं. ती ते कडू औषध न कुरकुरता घ्यायची. दिवाळीपर्यंत ती अंथरुणाला लागली. गंमत अशी की अंथरुणावर ती पहिल्यांदा खूप झोपू लागली. दुपारी झोपायची, सकाळी उशिरापर्यंत झोपायची. मी दळायला बसले की जात्याच्या आवाजाने ती जागी व्हायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा डोळे मिटायची. तिच्या तोंडावर सुख दिसायचं. मला ते बघवत नसे, कारण ते कशाचं सुख होतं हे मला कळत होतं.

तिचा भाऊ, माझा मामा, डोंगरातून दर आठ-पंधरा दिवसांनी येई. तो जुन्याच देवांना मानणारा. आबांचं आणि त्याचं बरं होतं, फक्त देवाचा विषय दोघं काढत नसत. मामाच्या गावची रीत अशी की माणूस मेलं की शिवेवर त्याच्या नावाचा लाकडी खांब पुरायचा. खांबावर सूर्य, चंद्र, एखादं घोड्यावरचं माणूस कोरायचं. नवं धान्य आलं की त्याच्यापुढे घास ठेवायचा. खांब उभा आहे तोवर ते माणूस गावात आहे, त्याचा वाटा वेगळा. ऊन-पावसाने खांब झिजला, पडला, मातीत मिसळला, की त्याची डागडुजी करायची नाही. ते माणूस आता सगळ्या पूर्वजांत मिसळलं. त्याला पुन्हा हाक मारायची नाही.

एका दुपारी मामा उशाशी बसलेला असताना माय आमच्या घरच्या अहिराणीतच म्हणाली, "दादा, मन्हा खांब सावरना करजो."

मामा हसला. खांब नेहमी सागाचा करतात. सागाचा खांब दोन-तीन पिढ्या सहज टिकतो. सावरीचं लाकूड म्हणजे अगदी ठिसूळ, दोन पावसाळ्यांत भुसा. मामाला वाटलं, तापात बोलतेय.

"सागना नको," ती म्हणाली. "सावरना कर. दोन पानकाया व्हयनात का बस."

म्हणजे दोन पावसाळे तिला पुरे होते. दोन पावसाळे आम्ही तिची आठवण काढावी, मग तिला सोडून द्यावं. हे ऐकत आबा दारातच उभे होते. मला वाटलं होतं, ते चिडतील. मास्तराची बायको जुन्या रीतीचा खांब मागते म्हणजे मिशनमध्ये गहजब झाला असता. पण आबांच्या डोक्यात मिशन नव्हतं. मामा गेल्यावर ते तिच्याजवळ बसले. उदाहरणं संपली होती. मी चुलीजवळ होते आणि मला जागा सोडून कुठे जाता येत नव्हतं.

ते म्हणाले, "मी तठे पोचसू आन तू नही दिखनी तर मी काय करू?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"मन्ही माय गयी, भाऊ गयात. मी कोनले माती दिधी नही. तू बी संपी गयी तर मन्हं कोन ऱ्हास?" एवढं बोलून आबा रडू लागले. माझ्यासमोर बाप पहिल्यांदा रडला. मोठ्याने नाही, पण सगळं अंग हलत होतं. आमच्याकडे पुरुष असे रडत नाहीत, आणि बायकोसमोर तर नाहीच.

माय त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. तिची ती नजर मी चांगली ओळखत होते. दिवसभराचं काम उरकून ती भिंतीला टेकायची आणि तेवढ्यात कुणी पाहुणा यायचा, तेव्हा उठण्याआधी ती अशीच बघायची.

"ऱ्हासू," ती म्हणाली. "तुम्ही म्हनतस तं ऱ्हासू."

राहीन. तुम्ही म्हणता तर राहीन. चूल पेटवते, पाणी आणते, तसंच. आबांनी तिचा हात कपाळाला लावला. त्यांना हायसं वाटलं, मला ते दिसत होतं, आणि त्या क्षणी मला आबांचा भयंकर राग आला. ज्या गोष्टीचा तिला धसका होता ती तिने त्यांच्यासाठी कबूल केली होती, आणि त्यांना तो तिचा विश्वास वाटत होता.

ती नाताळाआधी गेली. दुपारी झोपेतच गेली.

आबांनी नवापूरहून घडीव दगड मागवला. त्यावर नाव आणि खाली 'सार्वकालिक जीवन' एवढेच शब्द. लाकडाचा क्रूस का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, लाकूड कुजतं.

महिन्याभराने मामाचा निरोप आला म्हणून मी त्याच्या गावी गेले. शिवेवर आजीचा जुना खांब अजून उभा होता, आणि त्याच्या शेजारी नवा खांब. सूर्य, चंद्र, आणि मधोमध डोक्यावर टोपली घेतलेली बाई. फार सुबक काम. मी लाकडाला हात लावला. साग होता.

"मामा, ती सावरना म्हने ना?"

मामाने खांबावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मन्ही एकली बहीन. तिले सावर कसी देऊ?"

नवऱ्याने दगड दिला, भावाने साग दिला. दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. तिला संपू द्यायला कुणी तयार नव्हतं. मी तरी कुठे होते? तो साग आहे हे कळल्यावर मला आधी, अगदी पहिल्यांदा, बरंच वाटलं होतं.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. मी शिकून त्याच शाळेत मास्तरीण झाले. दुसरं महायुद्ध संपलं, देश स्वतंत्र व्हायच्या गोष्टी पाड्यापर्यंत आल्या, शाळेवर कौलं आली. आबा उपदेश करत राहिले, पण मोहाचं उदाहरण त्यांनी पुन्हा कधी दिलं नाही. हळूहळू ते सार्वकालिक जीवनावर बोलायचेच थांबले. भुकेल्याला भाकरी द्या, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत पाठवा, एवढंच. मला वाटलं, म्हातारपणाने विसरले.

विसरले नव्हते. शेवटच्या आजारात एका पहाटे त्यांनी मला हाक मारली. बाहेर फटफटत होतं आणि मोहाखाली लोकांची चाहूल लागली होती. ते पूर्ण शुद्धीवर होते.

"तुन्ही माय खरंच हो म्हने का?" त्यांनी विचारलं. "का मन्हासाठे?"

'ऱ्हासू' ती मनापासून म्हणाली की नुसती त्यांच्यासाठी, एवढी वर्षं ते हेच घेऊन बसले होते. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि बोलता येईना. माझं गप्प बसणं त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली, एखाद्या पोराचं चुकलेलं उत्तर आधीच ठाऊक असावं तशी.

मी त्यांचा हात धरून बसले. तिथे कुणी कुणाला भेटतं यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. नगरी नाही, उजेड नाही, वाट बघणारं कुणी नाही. आणि काहीच नसणं, तेही कायमचं, हेही माझ्या डोक्यात मावत नाही. मला दोन्हीकडे भिंत लागते. अशा माणसाने मरणाऱ्या बापाला काय सांगायचं?

मग आबाच बोलले. डोळे मिटलेले होते, आवाज अगदी बारीक.

"मी तठे पोचनू ना, तं तिले उठाडसू नही," ते म्हणाले. "निजू देसू."

मी त्यांच्या पायांवर गोधडी ओढली. बाहेर चांगलं उजाडलं होतं. पाणी आणायचं होतं, चूल थंड होती. मी उठले.